आटलं म्हणजे संपलं नाही

रात्रीचे तीन वाजले होते. नवरा पलंगाच्या कडेला स्टीलची वाटी धरून बसला होता. वाटीत डब्यातल्या पावडरचं दूध, त्यात बुडवलेली एक बारीक नळी आणि नळीचं दुसरं टोक कागदी चिकटपट्टीने माझ्या छातीवर चिकटवलेलं. वाटी वर उचलली की दूध भरभर यायचं, खाली घेतली की हळू.

"वर घे थोडी."

"एवढी?"

"अरे, ठसका लागेल तिला. खाली, खाली."

सकाळी दहाला त्याची स्टँडअप मीटिंग होती. माझी लेक साडेअकरा आठवड्यांची होती आणि तिला वाटत होतं की दूध माझ्यातून येतंय. खरं तर माझ्यातून काहीच येत नव्हतं. सतरा दिवसांपूर्वी माझं दूध आटलं होतं. ते परत आणायचा हा आमचा दुसरा दिवस.

दूध येण्यावर, न येण्यावर बाळंतपणात इतकं ऐकून घ्यावं लागतं की त्यावर आणखी कुणी बोलावं असं मलाही वाटत नसे. पण आटलेलं दूध परत येऊ शकतं, ही साधी गोष्ट मला अठ्ठाविसाव्या वर्षी, इंजिनिअरिंगची डिग्री आणि हातात चोवीस तास इंटरनेट असूनही माहीत नव्हती. म्हणून हे लिहितेय.

सतरा दिवस

पुण्यात सप्टेंबरमध्ये डेंगी होणं ही काही बातमी नाही. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतच त्या महिन्यात चार जणांना झाला. मला झाला तेव्हा लेक नऊ आठवड्यांची होती. ताप, अंग मोडून येणं, मग प्लेटलेट उतरायला लागल्या आणि मी ॲडमिट झाले. पहिल्याच दिवशी तिथे कुणीतरी सांगितलं, "औषधं चालू आहेत, बाळाला पाजू नका." मी मान हलवली. एकशे तीन ताप असताना माणूस प्रश्न विचारत नाही.

दोन दिवसांत छाती दगडासारखी झाली. हात वर होत नव्हता. ताप डेंगीचा की याचा, तेही कळेना. पंपाने दूध काढत राहावं हे ना मला सुचलं, ना कुणी सुचवलं. सहाव्या दिवशी छाती आपोआप मऊ झाली आणि मला फार बरं वाटलं. मी सासूबाईंना फोन करून सांगितलंसुद्धा की आता दुखत नाहीये. तो 'बरं वाटण्याचा' दिवस म्हणजे दूध गेलं तो दिवस होता, हे नंतर कळलं.

आठ दिवसांनी घरी आले, पण उठून बाथरूमला जायचं तरी भिंत धरावी लागत होती. आणखी नऊ दिवस गेले. या सगळ्या काळात लेक सासूबाईंजवळ होती. त्या साताऱ्याहून पहिल्याच रात्री एसटीने आल्या, बाटल्या उकळल्या, पावडर मोजली, रात्री जागल्या. लेकीचं वजन वाढलं होतं. मी तिला जवळ घेतलं, छातीशी लावलं, तिने दोनदा ओढलं, मान मागे टाकली आणि असा टाहो फोडला की सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. बाटली तोंडात गेल्यावर ती दहा सेकंदांत शांत झाली.

मी त्या रात्री दुधाचा डबा हातात घेऊन बसले होते. तुम्ही कधी तो डबा नीट पाहिलाय? त्यावर बाळाचं चित्र नसतं, आईचंही नसतं. १९९२ च्या कायद्याने ते छापायला बंदी आहे, आणि आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, ही सूचना छापणं बंधनकारक आहे. कायदा चांगलाच आहे. पावडर विकणाऱ्या कंपन्यांनी गुटगुटीत बाळांची चित्रं दाखवून आयांना फसवू नये म्हणून तो केला गेला. पण रात्री दोन वाजता ते वाक्य कंपनीला उद्देशून नसतं. ते तुम्हालाच उद्देशून आहे असं वाटतं.

टाकी नाही

बालरोगतज्ज्ञांकडे लसीसाठी गेलो तेव्हा मी नुसतं विचारलं, "आता काही होऊ शकत नाही ना?" त्यांनी माझी औषधांची यादी पाहिली. त्यातल्या एकाही औषधासाठी पाजणं थांबवायची गरज नव्हती, म्हणाल्या. पाजायची ताकद नव्हती तर निदान दर तीन तासांनी दूध काढायला हवं होतं. मला रडू आलं ते याच वाक्याला. मग त्यांनी पुढचं वाक्य उच्चारलं, "पण परत येईल. बहुतेक येतं. किती येईल ते आज सांगता येणार नाही."

माझ्या डोक्यात दूध म्हणजे टाकी होती. बाळंत झाल्यावर भरते, रिकामी झाली की संपली. प्रत्यक्षात तसं नाही. बाळंतपणात वार बाहेर पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं आणि दूध सुरू होतं, हा पहिला धक्का आपोआप मिळतो. पुढचं सगळं मागणीवर चालतं. बाळ ओढतं, मेंदूला निरोप जातो, प्रोलॅक्टिन सुटतं आणि दूध बनतं. ऑक्सिटोसिन सुटतं आणि बनलेलं दूध बाहेर येतं. यालाच आपण पान्हा म्हणतो. उलट दूध आत साठून राहिलं तर छातीलाच निरोप जातो की आता नको, कमी करा. माझ्या बाबतीत वॉर्डमध्ये झालं ते हेच. शरीर बिघडलं नव्हतं. मागणी नाही असं समजून त्याने काम थांबवलं होतं.

आणि थांबलेलं काम पुन्हा सुरू करता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये या विषयावर एक आख्खी पुस्तिका काढली आहे. आठवडे, महिने खंड पडलेल्या बायकांना पुन्हा दूध आल्याचे अनुभव त्यात एकत्र केले आहेत. आजीने नातवंडाला पाजल्याच्या नोंदीही आहेत.

ते मी मोठ्या आश्चर्याने आमच्या मावशींना सांगितलं. मावशी म्हणजे लेकीला तेल लावून अंघोळ घालायला यायच्या त्या. त्यांनी तेलाचा हातही थांबवला नाही.

"त्यात काय ताई. आमच्या आत्याची सून बाळंतपणात गेली. आत्यानं नातवाला लावला पदराखाली. पोरगं ओढत ऱ्हायलं, आलं दूध. तुमी बी लावत ऱ्हावा."

पुस्तिकेची पीडीएफ उघडी असलेला फोन मी खाली ठेवला.

शून्य मिली

पद्धत सांगायला सोपी आहे. चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, रात्रीसुद्धा, बाळाला अंगावर घ्यायचं. रात्रीचं तर चुकवायचंच नाही, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. बाळ ओढायला तयार नसेल तर नळी लावायची, म्हणजे ओढल्यावर काहीतरी मिळतं आणि ते चिडत नाही. दरम्यान पंपाने दोन्ही बाजू रिकाम्या करायच्या, त्या आधीच रिकाम्या असल्या तरी. कपडे काढून बाळाला उघड्या छातीवर झोपवायचं. वरचं दूध एकदम तोडायचं नाही. दर आठवड्याला वजन, रोज ओल्या लंगोटांची मोजणी. दिवसाला सहापेक्षा कमी झाल्या तर लगेच वरचं दूध वाढवायचं. बाळ उपाशी ठेवून दूध येत नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं.

मी अर्थातच स्प्रेडशीट केली. पंप भाड्याने आणला. पहिला दिवस, आठ वेळा पंप, एकूण शून्य मिली. दुसरा दिवस, शून्य. तिसऱ्या दिवशी पंपाच्या कडेला थोडा ओलावा दिसला. तो पाण्याचा असेल म्हणून मी बोटाने चाखून पाहिला. गोड होता. पाचव्या दिवशी दोन्ही बाजू मिळून ४ मिली. चहाचा एक चमचा भरतो साधारण. लेकीला दिवसाला जवळपास ७०० मिली लागायचं. माझ्या आलेखावर ती रेघ इतकी खाली होती की अक्षालाच चिकटली होती.

खायला-प्यायला सगळं झालं. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शेपू, बाजरीची भाकरी, मेथी, शतावरी कल्प. सोलापूरहून आईने डबे पाठवले. दूध वाढवायच्या गोळीचंही मी विचारलं. त्यासाठी हृदयाचा इतिहास बघावा लागतो, कदाचित ईसीजी काढावा लागतो, मनाने घ्यायची नाही, आधी दोन आठवडे नुसतं हेच करून बघू, असं डॉक्टर म्हणाल्या. लाडवांनी दूध येतं का, या प्रश्नावर त्या हसल्या. "खा. पण लाडू खाऊन बाळाला लावायचं विसरलात तर नाही येणार."

मिल्क बँकेचाही विचार आला. आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये आपल्याच मुंबईत, सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पुण्यात ससूनमध्येही आहे. आयांनी दिलेलं दूध तिथे ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात. पण ते आधी जातं वेळेआधी जन्मलेल्या, काचेच्या पेटीतल्या दीड-दीड किलोच्या बाळांना. माझी लेक पाच किलोची होती आणि पावडर तिला नीट पचत होती. आपल्यापेक्षा जास्त गरज असलेलं कुणीतरी आहे, हे त्या दिवसांत कळणं बरंच झालं.

वाटी कुणी धरायची

खरी अडचण दुधाची नव्हती. वेळेची होती.

हिशेब करून बघा. एक फेरी म्हणजे नळी लावून पाजणं चाळीस मिनिटं, पंप वीस मिनिटं, नळी-बाटल्या-पंप धुऊन उकळणं वीस मिनिटं. अशा दिवसाला आठ फेऱ्या. म्हणजे जवळपास अकरा तास. उरलेल्या वेळात झोप, जेवण, डेंगीतून उठलेलं शरीर. हे एका माणसाचं काम नाहीच.

कायद्याने मला २६ आठवड्यांची पगारी रजा होती, २०१७ च्या दुरुस्तीमुळे. नवऱ्याला कायद्याने काहीच नव्हतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते, खासगी नोकरीतल्या बापासाठी तसा कायदाच नाही. त्याच्या कंपनीने दिलेली आठवडाभराची रजा जन्माच्या वेळीच संपली होती. त्याने साठवलेल्या सुट्ट्यांपैकी दहा घेतल्या. "पण दूध तर तिला द्यायचंय ना?" असं त्याला टीममधल्या कुणीतरी हसत विचारलं. तो मला म्हणाला, "काय सांगणार, मी वाटी धरतो म्हणून?"

आणि मावशींना तर कसलीच रजा नव्हती. त्यांना तीन मुलं. तिसऱ्या वेळी विसाव्या दिवशी कामावर गेल्या होत्या. "दूध होतं हो ताई, वेळ न्हवता," एवढंच म्हणाल्या.

सासूबाईंशी मात्र बिनसलं. त्या बाटली घेऊन यायच्या आणि मी म्हणायचे, "आई, बाटली नको, नळीने देऊ." एकदा, दोनदा, दहादा. एका संध्याकाळी लेक माझ्याकडे वीस मिनिटं रडत होती, नळी निघून आली होती आणि त्या दारात बाटली धरून उभ्या होत्या. मी ओरडले, "तुम्ही प्लीज जा!"

त्या गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. मी खोलीत गेले तर त्या बाटल्या एका पिशवीत भरत होत्या.

"मी तिला उपाशी नाही ठेवलं गं सतरा दिवस," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले. काय बोलावं कळेना. सतरा दिवस त्यांनी माझी लेक जगवली होती आणि गेले दहा दिवस मी त्या बाटल्यांकडे एखाद्या चुकीकडे बघावं तशी बघत होते.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं. त्या प्राथमिक शिक्षिका होत्या. नवरा तीन महिन्यांचा असताना त्यांची रजा संपली. शाळा दुसऱ्या गावात, सकाळची एसटी, परत यायला संध्याकाळ. अकराच्या सुमाराला वर्गात पाढे चालू असताना पान्हा फुटायचा. पदर ओला व्हायचा. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या आडोशाला जाऊन दूध पिळून मातीत टाकायचं. महिन्याभरात ते थांबलं.

"मला वाटलं, आटलं म्हणजे संपलं. सगळेच म्हणाले तसं. परत येतं हे कुणी सांगितलंच नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुझं आलं तर मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशीपासून पहाटेची पाचची फेरी त्यांची झाली. वाटी त्या नवऱ्यापेक्षा फार चांगली धरायच्या.

कोजागरी

एकोणिसाव्या दिवशी कोजागरी होती. सोसायटीच्या गच्चीवर मोठ्या पातेल्यात मसाला दूध आटत होतं. आटणं हा शब्द तिथे किती चांगला वाटतो. पातेल्यात दूध आटलं की घट्ट होतं, गोड होतं, आणि बाईचं आटलं की घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागतात.

गच्चीवर कुणीतरी मुलांना हिरकणीची गोष्ट सांगत होतं. कोजागरीलाच सांगतात ती. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ आणि रात्रीतून कडा उतरून गेलेली आई. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. आज एसटी स्थानकांवर आयांना बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते, तिला हिरकणी कक्ष म्हणतात.

लहानपणी मला ही गोष्ट शौर्याची वाटायची. त्या रात्री मात्र मनात दुसरेच प्रश्न येत होते. ती उतरत होती तेव्हा बाळाजवळ कोण होतं? त्याला कुणी उचललं, बोंडल्याने काही पाजलं का? तिचा पाय घसरला असता तर गोष्ट कुणी सांगितली असती? आपल्याला कडा उतरणारी आई फार आवडते. ती उतरू शकली नाही तर तिचं प्रेमच कमी पडलं, असं आपण न बोलता ठरवून टाकतो. मीही माझ्याबद्दल तेच ठरवलं होतं.

खाली येऊन लेकीला घेतलं. नळी लावायची राहून गेली होती. नवरा वाटी आणायला स्वयंपाकघरात गेला आणि तेवढ्यात ती नळीशिवाय ओढायला लागली. मी श्वास रोखून बसले. चार-पाच वेळा नुसतं ओढलं, मग तिची लय बदलली. ओढणं, थांबणं, घोट. घशातून येणारा तो बारीक आवाज मी पाच आठवड्यांनी ऐकला. दुसऱ्या बाजूने माझा कुर्ता ओला झाला.

नवरा वाटी घेऊन दारात उभा होता. "वर घेऊ की खाली?" त्याने विचारलं. मी नुसतं कुर्त्याकडे बोट दाखवलं.

सासूबाई गच्चीवर होत्या. तो त्यांना बोलवायला चपला न घालताच पळाला.

उरलेले दोनशे मिली

याच्यापुढे सगळं दूध परत आलं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. वरचं दूध ७०० वरून ५०० वर आलं, मग ३५० वर. मध्ये एका आठवड्यात तिचं वजन फक्त ६० ग्रॅम वाढलं, तेव्हा घाबरून पुन्हा वाढवलं. बेचाळिसाव्या दिवशी आकडा २०० वर आला आणि तिथेच थांबला. मी आणखी दोन आठवडे खटपट केली. फेऱ्या वाढवल्या, झोप कमी केली, चिडचिड वाढली. डॉक्टरांनी वजनाचा तक्ता बघितला आणि विचारलं, "बाळ छान आहे. तुम्हाला नक्की कुणाला काय सिद्ध करायचंय?"

ते २०० मिली आजही आहेत. सासूबाई ते वाटी-चमच्याने देतात, संध्याकाळी, गॅलरीत बसून, समोरच्या गुलमोहरावरच्या कावळ्यांशी गप्पा मारत. ती दोघींची वेळ आहे. ते २०० मिली मला आता उणीव वाटत नाहीत.

दोन आठवड्यांपूर्वी मी कामावर रुजू झाले. पंपाची बॅग लॅपटॉपच्या बॅगेत बसत नाही, म्हणून दोन बॅगा नेते. कॅलेंडरवर साडेअकरा आणि साडेतीनला अर्धा-अर्धा तास अडवून ठेवलाय. कायद्याप्रमाणे मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या दिवसात दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळायला हवी, ही तरतूद १९६१ च्या मूळ कायद्यातच होती. माझ्या टीममधल्या एकालाही ती माहीत नव्हती. मलाही नव्हती. आता कॅलेंडरवर त्या वेळेला 'बिझी' न लिहिता सरळ 'दूध' असं लिहिलंय. पहिल्या दिवशी एका ज्युनिअर मुलाने भाबडेपणाने विचारलं की चहाचं का.

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरची एक मुलगी लिफ्टमध्ये भेटली. दोन महिन्यांची बाळंतीण. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, दहा दिवस पाजलं नाही. म्हणाली, "गेलंच आता माझं."

मी तिला तिच्या औषधांची नावं लिहून डॉक्टरांना विचारायला सांगितलं. माझ्याकडची नळीची उरलेली पाकिटं देऊ केली. मग विचारलं, "घरी कोण आहे गं तुझ्या? रात्री वाटी कोण धरेल?"

ती म्हणाली, "नवरा रात्रपाळीला असतो. बाकी कुणी नाही."

मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री मी वर जाते. सासूबाई म्हणाल्या, उरलेल्या दिवशी पहाटे पाचला त्या जातील. त्यांना तशीही जाग येतेच.